जस्ताची गोळी

माझ्या बायकोनं खंडोबाचा भंडारा खोटा उचलला. हे मला ती गेल्यावर कळलं, आणि तेही घरातल्या कुणी सांगितलं नाही. गल्लीत औषधं वाटणारी आशाताई दारात उभी राहून सहज बोलून गेली, तेव्हा कळलं. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण हा विषय काढला की घरातले उठून आत जातात. म्हणून लिहितो.

ज्यांच्या घरात खंडोबा नाही त्यांना भंडारा म्हणजे नुसती हळद वाटेल. आमच्यात तसं नसतं. बांधाचं भांडण असो नाहीतर चोरीचा आळ, कोण खरं ते ठरेना झालं की देवापुढं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेऊन बोलायचं. मग पुढं वाद नाही. कोर्टात खोटं बोलणारी माणसं मी पाहिली, भंडारा हातात घेऊन खोटं बोलणारं कुणी पाहिलं नव्हतं. खोटा उचलला की घर बसतं, असं आम्ही आईच्या दुधाबरोबर ऐकलेलं. आणि माझी बायको तर घरातून बाहेर पाय टाकताना कपाळाला भंडारा लावल्याशिवाय निघायची नाही. ती खोटं बोलली.

पण आधी जस्ताचं सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणारा म्हणेल म्हाताऱ्याला एका गोळीचा एवढा राग कशाला.

आम्ही मूळचे बार्शीकडचे. मी तरणा असताना भोसरीला आलो आणि गॅल्व्हनायझिंगच्या कंपनीत लागलो. रस्त्याकडेचे कठडे, विजेचे खांब, टॉवरचे अँगल, हे सगळं लोखंड आधी ॲसिडात धुवायचं आणि मग वितळलेल्या जस्ताच्या टाकीत बुडवायचं. वर काढलं की चांदीसारखं लखलखतं. पुन्हा गंज चढत नाही. सगळे जस्ताला झिंक म्हणायचे, साहेबही आणि हेल्परही. माझं काम टाकीवर आलेली राख लांब झाऱ्यानं ओढायचं. पांढरा धूर निघायचा. कापसाच्या तंतूसारखं काहीतरी हवेत तरंगायचं आणि मिशीवर येऊन बसायचं. तोंड गोड व्हायचं. साखरेसारखं नाही. पत्र्याच्या डब्यात पाणी बरेच दिवस राहिलं की जशी चव येते तसं गोड. मग बिडी नको, चहा नको, काहीच नको वाटायचं.

भोसरीला गुरुवारची सुट्टी असायची. सुट्टीत अंग साफ व्हायचं आणि शुक्रवारी परत धुरात उभं राहिलं की संध्याकाळी हुडहुडी भरायची. दात वाजायचे. सकाळी काही नाही, एकदम ठीक. आमच्या शेडमध्ये त्याला शुक्रवारचा ताप म्हणायचे. नव्या पोराला पहिल्यांदा आला की जुने हसायचे, "झाली रे तुझी हळद!" दर शुक्रवारी माझी बायको घरातल्या सगळ्या गोधड्या माझ्या अंगावर टाकायची आणि वर स्वतः बसायची, मी उडू नये म्हणून. जस्त काय असतं हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं ते माझ्या अंगात पाहिलं होतं.

कंपनीत एक डॉक्टर तपासायला यायचा. आम्ही त्याला तापाचं सांगितलं. त्यानं बॅगेतून गोळ्यांचं एक पाकीट काढून सगळ्यांना दाखवलं. म्हणाला, "हे काय आहे? झिंक. जस्त शरीराला लागतं. बाहेर लोक विकत घेऊन खातात, तुम्हाला इथं फुकट मिळतंय." सगळे हसले. मीही हसलो. साहेब माणूस थट्टा करतोय, बरं वाटलं. पुढं माझी छाती वाजायला लागली. जिना चढवेना. तेव्हा त्याच डॉक्टरनं बिडीमुळं झालं म्हणून लिहून दिलं. बिडी मी सोडून वर्षं लोटली होती आणि ओढायचो तेव्हाही दिवसाला एखादी. कंपनीनं मला घरी बसवलं. त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं आणि ती म्हणाली, "त्याच्या पोरांना चारा म्हणावं ते जस्त."

तिचे शब्द आहेत हे. मी पदरचं काही घालत नाही.

पोरगा चाकणला लागला, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत, कंत्राटावर. मग आम्ही सगळे तिकडं राहायला गेलो. कंपन्यांच्या मागं एका ओळीत बांधलेल्या भाड्याच्या खोल्या आहेत, त्यांतल्या दोन. पाणी टँकरचं. दारापुढं निळं पिंप, त्यात भरून ठेवायचं. पोरगा, सून, आम्ही दोघं आणि नात. नात झाली तेव्हा बायको म्हणाली होती, आता मला गावाकडं न्यायचं नाव काढू नका.

नात रांगायला लागली त्या उन्हाळ्यात तिला जुलाब लागले. नुसतं पाणी जायचं. दुपारपर्यंत पोर मलूल झाली, डोळे आत गेले, रडायची तर डोळ्यांत पाणी येईना. सून घाबरून रडायला लागली. बायकोनं आशाताईला बोलावून आणलं. ही बाई आमच्याच ओळीच्या टोकाला राहते. कुणाच्या घरात किती पोरं, कुणाचं लसीकरण राहिलंय, सगळं तिला तोंडपाठ. जीभही तशीच तिखट. आली, पोरीच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि सुनेवर ओरडली, "रडून तिचं पाणी परत येणार हाय का? पातेलं आण."

उकळून गार केलेल्या पाण्यात तिनं ओआरएसची पुडी कालवली आणि चमचा माझ्या हातात दिला. "काका, तुम्ही रिकामेच असता. थोडं थोडं पाजत राहा. ओकली तर जरा थांबा, परत पाजा. अंगावरचं दूध बंद करायचं नाही."

ते काम मी केलं. मांडीवर घेऊन बसलो आणि चमच्यानं पाजत राहिलो. जेवायलाही उठलो नाही. संध्याकाळी पोरीनं चमचा दातांत धरला आणि सोडेना, तेव्हा बायको हसली. "आज्याचा चमचा खाती का काय!"

मग आशाताईनं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं.

"ही रोज एक. चौदा दिवस. जुलाब थांबले म्हणून मधीच सोडायची न्हाई, सगळ्या बायका तिथंच चुकतात. चमच्यात पाणी नाहीतर आईचं दूध घ्यायचं, त्यात टाकली की आपोआप विरघळती."

मी विचारलं, "कसली गोळी?"

"झिंकची."

"झिंक म्हणजे जस्त ना?"

"व्हय काका. जस्त शरीराला लागतं."

तेच शब्द. अगदी तेच. तेवढं ऐकलं आणि माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येत नाही. मी पाकीट तिच्या हातातून घेतलं आणि तिच्या पिशवीत परत टाकलं. म्हणालो, "माझ्या अंगाला लागायचं तेवढं लागलं. पोरीला नको."

तिनं समजावलं. म्हणाली, धुरातलं जस्त वेगळं, गोळीतलं वेगळं. जुलाबात अंगातलं जस्त वाहून जातं ते भरून काढावं लागतं, आतडं लवकर बरं होतं, पुढं काही महिने परत लागतही नाहीत. मी म्हणालो, "बाई, ही गोष्ट मी तू शाळेत असताना ऐकलीये." ती चिडली. "मी शाळेत तरी गेले, काका." आणि गेली. पण जाताना तिनं माझ्या बायकोकडं पाहिलं आणि बायकोनं डोळ्यांनी काहीतरी सांगितलं. मी ते पाहिलं. एवढी वर्षं संसार केल्यावर बायकोचे डोळे कळतात माणसाला.

मी बायकोला म्हणालो, "भंडारा उचल."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

सून दारात पोरीला घेऊन उभी. मग बायकोनं हात धुतले, डोक्यावर पदर घेतला. देव्हाऱ्यातली डबी उघडली. देवावर सुकलेलं बेलाचं पान होतं ते घेतलं. हातात भंडारा धरून म्हणाली, "खंडोबाची आण हाय, त्या ताईची एक गोळी पोरीच्या पोटात जायची न्हाई." मग उरलेला भंडारा माझ्या कपाळाला लावला. तिचं बोट गरम होतं. मला वाटलं, विषय मिटला.

पोर बरी झाली. नुसती बरी नाही, खायला लागली, अंग धरलं तिनं. मी दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो, "गोळी नाही, काही नाही. नुसतं पाणी आणि आज्याचा चमचा." शेजारची बाई मान हलवायची. आशाताई रस्त्यानं जाताना म्हणायची, "हो काका, तुमचा चमचा भारी." सून भांडी घासत खाली बघायची. पोरगा मोबाईलमध्ये. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नाही.

त्याच दिवसांत बायकोला विसर पडायला लागला.

म्हणजे मला तसं वाटलं. सकाळी मी चहा घेऊन दारात बसलो की ती आतून म्हणायची, "अवं, दूध नासलं. जाऊन आणता का?" डेअरी नाशिक रस्त्याच्या पलीकडं. कंटेनर थांबत नाहीत, रस्ता ओलांडायला ताटकळत राहावं लागतं. मी दूध घेऊन यायचो. दुसऱ्या दिवशी, "अवं, कोथिंबीर सांगायची राहिली." परत जायचो. कधी काड्यापेटी संपलेली असायची आणि मला चुलीमागं भरलेली दिसायची. गावाकडं माझ्या आत्याचं असंच सुरू झालं होतं. आधी मीठ दोनदा, मग नावं विसरली, शेवटी घर विसरली. मला भीती वाटली. खरं सांगतो, कंपनीनं घरी बसवलं तेव्हाही एवढी भीती वाटली नव्हती.

मी तिच्याशी मऊ बोलायला लागलो. आयुष्यात कधी बोललो नव्हतो तसं. ती "कोथिंबीर राहिली" म्हणाली की मी म्हणायचो, "राहू दे गं, पाय मोकळे होतील माझे." पोराला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझ्या आईला विसर पडायला लागलाय. डॉक्टरला दाखवायला पाहिजे." तो म्हणाला, "बघू बाबा, सुट्टी मिळाली की." त्याला माहीत होतं. त्याला माहीत होतं आणि तो माझ्या तोंडाकडं बघत "बघू" म्हणाला.

पुढं ती दुधाला पाठवेनाशी झाली. मला वाटलं, सुधारतेय. मी खंडोबाला नारळ फोडला.

थंडीत ती गेली. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत आटोपलं. डॉक्टर म्हणाले, आधी त्रास होत असणार. शेजारची बाई म्हणाली, व्हय, टँकरचं पाणी भरताना मला म्हणायच्या, छाती दाबल्यासारखी होती, ह्यांना सांगू नको. मी तिच्या डोक्यावर नजर ठेवून होतो, दुखत होती तिची छाती. आळंदीला दहावा केला. इंद्रायणीवर कंपन्यांच्या पाण्याचा पांढरा फेस तरंगत होता आणि मी त्यात उभा होतो. तेव्हाही माझ्या मनात तिच्याबद्दल एकच होतं. बिचारी. सगळं विसरण्याआधी गेली, बरं झालं.

या पावसाळ्यात नातीला परत जुलाब लागले. आता ती चालते, बोलते, मला "आजा, चमचा" म्हणते. आमच्या खोल्यांमागची गटार तुंबली होती, पिंपातल्या पाण्याला वास येत होता. मी सुनेला म्हणालो, पाणी उकळ, पुडी काढ, चमचा दे. बसलो पाजत. पण या वेळी पोर सुधारेना. पुडीचं पाणी आत जायचं, जुलाब चालूच. अंगावर चढलेलं सगळं उतरलं. कंबरेचा करगोटा ढिला होऊन खाली आला. सून पोरीकडं बघायची आणि देव्हाऱ्याकडं बघायची. मला कळेना ही देव्हाऱ्याकडं काय बघते.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी आशाताई आली. सकाळची वेळ, मी दारातच पोरीला घेऊन बसलेलो. तिनं पोरीला पाहिलं आणि सुनेला विचारलं, "गोळी देतीयेस ना? परवा दिली ती? मागच्यासारखी?"

सून पुन्हा देव्हाऱ्याकडं बघायला लागली.

मी म्हणालो, "मागच्यासारखी म्हणजे?"

आशाताई माझ्याकडं बघायला लागली. मग सुनेकडं. मग म्हणाली, "काका, तुम्हाला अजून सांगितलं न्हाई व्हय कुणी?"

असं कळलं मला. ज्या बाईला मी दारातून घालवलं होतं, तिनंच मला सांगितलं आणि सांगताना तिला माझी कीव आली. ते मला जास्त लागलं.

मग सुनेनं रडत सगळं ओकून टाकलं. माझ्याशी बोलायला ती तशी बिचकते. आमच्यात सून सासऱ्याला मामा म्हणते, सासूला आत्या. म्हणाली, "मामा, आत्यांनी दुसऱ्याच दिवशी ताईंकडून पाकीट आणलं. तुम्ही दुधाला गेलात की आत्या चमचा काढायच्या. मी दूध काढून द्यायचे, आत्या गोळी टाकायच्या. सगळ्या दिल्या, एकही चुकवली नाही. तुमची पावलं वाजली की चमचा धुऊन ठेवायच्या."

दूध नासलं नव्हतं. कोथिंबीर राहिली नव्हती. तिला काहीही विसरत नव्हतं. माझ्यापेक्षा तिचंच डोकं जास्त चालत होतं.

मी विचारलं, "आणि भंडारा?"

सून म्हणाली, "मी आत्यांना म्हणाले होते, तुम्ही उचललाय, पाप लागंल. तर म्हणाल्या, लागू दे. मला लागंल, पोरीला न्हाई लागणार." मग तिनं तोंडाला पदर लावला. "आणि लागलं, मामा. आत्या गेल्या. माझ्या पोरीसाठी गेल्या. आता मी ती गोळी कशी देऊ? परवा ताईंनी पाकीट दिलं ते मी तांदळाच्या डब्यात ठेवलंय. माझा हात होत नाही. आता दिली तर देव कुणाला नेईल?"

आशाताईनं कपाळावर हात मारला. "अगं, त्या हार्टनं गेल्या! पोरगी वाळत चाललीये तुझी!" पण सून मान हलवत राहिली. पोरगी माझ्या मांडीवर डोळे मिटून पडली होती.

मी पोरीला सुनेकडं दिलं आणि उठून गेलो. कुठं जायचं ठरवलं नव्हतं. पाय आपोआप रस्त्याला लागले, दुधाच्या रस्त्याला. डेअरीपुढं उभा राहिलो. मालक म्हणाला, "काका, फार दिवसांनी! आजीबाई पाठवत नाहीत वाटतं आता?" त्याला ती गेल्याचं माहीत नव्हतं. मी रस्त्याकडं तोंड केलं. समोरून कंटेनर चालले होते. मला त्या वेळी देवाचा राग नव्हता, कंपनीचा नव्हता. मी तिच्याशी मऊ बोललो होतो ना, "राहू दे गं, पाय मोकळे होतील," त्याची लाज वाटत होती. ती आत चमचा धूत असेल आणि मी बाहेरून असं बोलत असेन. मनात हसली असेल का? का नाही सांगितलं? मी आरडाओरडा केला असता, ताट फेकलं असतं, दोन दिवस बोललो नसतो. आणि मग? आजवर तेवढंच तर केलं होतं मी. तेवढं तिला सोसवलं नसतं?

पोरगा रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून तिथंच उतरतो. मला पाहून दचकला. "बाबा, इथं काय करताय?"

"दूध आणायला आलोय. तुझ्या आईनं पाठवलं."

त्याला लगेच कळलं. बॅग खांद्यावर सारखी करत म्हणाला, "बाबा, तुम्ही ऐकलं असतं का?"

"विचारलं असतं तर कळलं असतं."

"विचारलं होतं की. ताईंनी विचारलं, तुम्ही पाकीट फेकलं."

"फेकलं नव्हतं. पिशवीत टाकलं होतं."

"तेच ते."

"तेच ते नाही. आणि विसराळूपणाचं काय? मी तुला आईच्या आजाराचं सांगितलं, तेव्हा तरी तोंड उघडायचं होतंस."

तो खाली बघत म्हणाला, "मी आईला म्हणालो होतो, बाबा काळजी करायला लागलेत, सांगून टाकू. तर ती म्हणाली, करू दे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझी काळजी करतायत, करू दे की थोडे दिवस."

मी त्याला तिथंच सोडून घरी निघालो. तिनं ते हसत सांगितलं होतं का, हे मला विचारायचं होतं. पण विचारलं नाही. कोणतंही उत्तर आलं असतं तरी मला चाललं नसतं.

घरी आलो तर आशाताई अजून बसलेली. तिनं स्वतः गोळी द्यायला काढली होती, सुनेनं तिचा हात धरून ठेवला होता. दोघींत नुसती ओढाताण. पोरीचे ओठ कोरडे, वर पांढरी साय धरलेली. सून मला बघून म्हणाली, "मामा, तुम्हीच सांगा ताईंना. तुम्हाला तर आधीपासून ही गोळी नको होती."

हे बरं होतं. आता मी तिच्या बाजूचा झालो होतो.

मी तांदळाचा डबा उघडला, हात घालून पाकीट काढलं. आशाताईला विचारलं, "पाणी की दूध?" ती म्हणाली, "आता मोठी झाली, पाणी चालंल." चमच्यात उकळलेलं पाणी घेतलं. गोळी टाकली. ती फसफसली नाही, काही नाही. कडेनं ढासळत गेली आणि पाणी पांढरं झालं. मी करंगळी बुडवून जिभेला लावली. वरून कसलातरी फळाचा वास होता. आणि त्याच्या खाली ती चव. पत्र्याच्या डब्यातल्या पाण्याची, शुक्रवारची. मी ओळखली. एवढी वर्षं झाली तरी ओळखली. माझा हात मागं आला, खोटं कशाला बोलू. हेच जस्त. गोळीवाल्यानं कितीही साखर घालू दे.

पण चमचा धरायला दुसरं कुणी नव्हतं. आशाताईला सून देऊ देत नव्हती, सून स्वतः देत नव्हती. आणि जी खोटं बोलून देत होती ती गेली होती.

सून म्हणाली, "मामा, नको. भंडारा."

मी म्हणालो, "भंडारा तिनं उचलला, मी नाही. माझ्यावर कसली आण नाही. बस खाली."

पोरीचं डोकं कोपरात घेतलं आणि चमचा ओठाला लावला. अर्धं आत गेलं, अर्धं तिनं तोंड वाकडं करून बाहेर काढलं. मी बोटानं पुसून परत आत सारलं. मग पुडीचं पाणी पाजत बसलो. आशाताई जाताना दारात थांबली. म्हणाली, "मागच्या वेळी दोन्हीनं बरी झाली होती, काका. गोळीनं आणि तुमच्या चमच्यानं. उगाच नव्हते म्हणत मी." मी चमचा भरत राहिलो. आता तिची गोड बोलणी मला नको होती.

पुढं रोज सकाळी गोळी मीच दिली. जुलाब कमी झाले, मग थांबले, तरी सोडली नाही. सून तेवढा वेळ बाहेर जाऊन पिंपापाशी उभी राहायची. बघायची नाही. पोर आता मातीत खेळते, वाटीभर वरणभात खाते आणि मला शिव्या देते. गोळी चांगली आहे. ते मी मान्य केलंय. आशाताई म्हणाली ते खरं, धुरातलं वेगळं आणि हे वेगळं. त्या डॉक्टरनंही एका परीनं खरंच सांगितलं होतं, पण त्यानं ते मला गप्प करायला वापरलं. माझं भांडण आता गोळीशी नाहीच.

पाकीट संपलं त्या दिवशी सून म्हणाली, "मामा, जेजुरीला जाऊन येऊ. आत्यांच्या वतीनं देवाची माफी मागू. मनातलं जाईल." पोरगाही म्हणाला, गाडी करू, तुम्हाला चढ झेपणार नाही तर खाली बसा. मी म्हणालो, तुम्ही जाऊन या.

ते काल पहाटे गेले. पोरीलाही नेली. जाताना सुनेनं देव्हाऱ्यातली डबी माझ्यापुढं धरली, कपाळाला लावा म्हणून. मी लावला नाही. देवाची माफी कशाची मागायची? त्याच्याशी ती काय खोटं बोलली? रोज सकाळी चमचा त्याच्या समोरच धुतला जात होता. त्याला माहीत होतं, आशाताईला माहीत होतं, शेजारणीला, पोराला, सुनेला, सगळ्यांना माहीत होतं. फसवलं ते मला. माफी मागायचीच तर ती माझी मागायला पाहिजे होती, आणि तीही तिनंच.

आज दूध खरंच नासलं. घरात कुणी नाही. पातेलं तसंच ठेवून मी दारात बसलो आहे, डेअरीवर गेलो नाही.